तुरुंगासमोरचं मैदान आणि ओढ्यापलीकडची पडवी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘कशावर बोलू?’ असं विचारलं, तर संयोजक म्हणाले, ‘विमानं सोडून कशावरही बोल!’ माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर काय असायचं, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही मी विमानांवरच बोलणार आहे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचं, पुस मॉथ. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची सपाट जमीन. पावसाळ्यात तिथे नुसता चिखल. मग टाटांनी आपलं बिऱ्हाड पुण्याला हलवलं : दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. उतरायचं कुठे, तर येरवडा तुरुंगासमोरच्या मैदानात! याच तुरुंगात सप्टेंबर 1932 मध्ये पुणे करार झाला होता.

पुण्यालाच का? उत्तर भूगोलाच्या सरांनी आपल्याला शिकवलंय : पर्जन्यछाया. ढग आधी आपल्या तोरणा-राजगडावर रिते होतात, उरलेला पाऊस पुण्याला जातो. वेल्हेकर भिजायचे, म्हणून तिकडे टपालाची विमानं उतरू शकायची, असं मी घरी अभिमानाने सांगतो.

पुढे कायमचे विमानतळ झाले आणि त्या मैदानाचं काम संपलं. नोकरीच्या काळात मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं ये-जा केली, पण इथे विमानं उतरत होती याचा मला पत्ता नव्हता. निवृत्तीनंतर हे वाचलं, आणि मला एकदम ओढ्यापलीकडची पडवी आठवली.

आपण आठवीत होतो. आषाढात शाळेचे पत्रे उडाले आणि ओढ्याला उतार मिळेना. पलीकडच्या सातजणांची शाळा सुटल्यातच जमा होती. त्यातल्या तिघी मुली. एकदा घरी बसल्या की परत पाठवणार कोण? तेव्हा पलीकडच्या एका घरातल्या काकूंनी पडवीतलं नांगर-कुळवाचं सामान हलवून जागा करून दिली. सर इरलं घेऊन, वरच्या अंगाने मैलभर वळसा घालून यायचे. फळा म्हणजे काजळी फासलेलं दार. भिंतीपलीकडे म्हैस हंबरली की पाढा थांबायचा. दसऱ्यापर्यंत ती आमची शाळा होती. मी त्या सातांतलाच एक.

त्या तिघींपैकी एक पुढे मुख्याध्यापिका झाली. ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी नाव घेऊ नये म्हणून डोळे वटारते आहे.

या मे महिन्यात तिकडे गेलो होतो. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. घर पडलंय. जोत्याचे दगड तेवढे उरलेत. भोरपर्यंत दहा वेळा आलो असेन, पण पुढे जाऊन काकूंना कधी भेटलो नाही. ‘तुमच्या पडवीमुळे शिकलो,’ हे एक वाक्य सांगायचं राहिलं.

अडल्या वेळेला मिळालेली जागा काम झाल्यावर पुन्हा साधी जमीन होते. तिच्यावर पाटी लागत नाही. आपल्या स्मरणिकेत इमारतीचा फोटो येईल, मुख्याध्यापकांची यादी येईल. ते यायलाच हवं. माझी विनंती एवढीच, की एक पान त्या पडवीसाठी ठेवा. पलीकडच्या सातांपैकी आज पाचजण इथे आहोत. ते पान आम्ही लिहून देऊ.