तिन्ही ऑस्कर जोडीनं

सजावट समितीतर्फे आम्ही आज चित्रपटांचे नेपथ्यकार दान्ते फेरेत्ती यांची ओळख करून देतो. इटलीतल्या माचेराता इथं १९४३ साली जन्म. पासोलिनी, फेलिनी, स्कॉर्सेसी अशा दिग्गजांसाठी त्यांनी सेट उभारले. फेलिनींच्या 'अँड द शिप सेल्स ऑन'मध्ये समुद्र चक्क प्लास्टिकचा, आणि शेवटी कॅमेरा तो सगळा देखावाच उघडा करून दाखवतो! 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क'मधलं जुनं न्यूयॉर्क तर रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत बांधलं. ऑस्कर तीन, आणि तिन्ही पत्नी फ्रान्चेस्का लो स्कियावो यांच्यासोबत; सेटवरचं सामानसुमान, पडदे, दिवे हे खातं त्यांचं. आमच्या मखराच्या झालरी, तोरणं घरच्या बायकाच करतात. स्मरणिकेत नावं मात्र आमची. यंदा त्यांचीही छापा, असं आम्ही कार्यकारिणीला सांगितलं आहे.