सायकलस्वारास भेट काय द्यावी?

दिवाळी, भाऊबीज, वाढदिवस असे भेटींचे प्रसंग घरोघर येतात, आणि घरांत एखादा सायकलवेडा असला कीं त्याला काय द्यावें हा प्रश्न मोठा अवघड होऊन बसतो. त्याची सायकल मोटारसायकलीच्या किंमतीची. तिच्या अंगावरील एकेक अलंकार त्यानें स्वतः पारखून घेतलेला. तेव्हां पांचशे रुपये घेऊन निघालेली बहीण दुकानाच्या दारांतच गांगरते आणि अखेर पाण्याची एक बाटली घेऊन परत येते. अशा बाटल्यांची त्याच्या घरीं आधींच रांग लागलेली असते.

हिंजवडीचेंच उदाहरण घ्यावें. मुळशी तालुक्यांतील हें शेतकऱ्यांचें गांव. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभें राहूं लागलें, आणि आज त्या रस्त्यांवर कचेरीच्या वेळीं सायकल घालणें हें धाडसच म्हणावें लागेल. म्हणून तेथील सायकलस्वार पहांटे पांचाला घर सोडतो आणि वाकडकडून येणारा वाहनांचा लोंढा सुरू होण्यापूर्वीं माण-घोटवड्याच्या बाजूला निघून जातो. परंतु अंधार असतो, आणि पाण्याचे टँकर व काँक्रीटच्या गाड्या यांचा दिवसही त्याच सुमारास उजाडतो. घरीं कोणीतरी दाराच्या कडीचा आवाज ऐकतें, आणि मग त्याला पुन्हां झोप येत नाहीं. भेटीचा विचार येथून सुरू करावा. सायकल अधिक वेगानें धांवावी म्हणून काय हवें, तें त्या स्वाराला पुष्कळ सुचतें. तो सुखरूप परत यावा म्हणून जें हवें, तें मात्र त्याच्या हिशेबांत नेहमीं मागें पडतें.

श्रोत्यांपैकीं जुन्या पुणेकरांना आठवत असेल कीं, पुणें हें सायकलींचें शहर होतें तेव्हां रात्रीं दिवा नसलेली सायकल पोलीस चौकांत अडवीत. दिव्यांतलें तेल संपलें कीं भलेभले खालीं उतरून सायकल हातांत धरून चालूं लागत. आजची शर्यतीची सायकल दुकानांतून येते ती बहुधा दिव्यावांचून आणि घंटीवांचून. वजन वाढतें ना! म्हणून मागें लावावयाचा तांबडा दिवा ही पहिली भेट. मोबाइलच्या तारेनेंच तो भरतां येतो, आणि पांचशे रुपयांच्या आसपास बरा मिळतो. एका मोठ्या दिव्यापेक्षां दोन लहान दिवे चांगले. एकाची वीज वाटेंत संपली तरी दुसरा उरतो. त्याहून स्वस्त म्हणजे घोट्याला बांधावयाची चकाकणारी पट्टी. पायडलाबरोबर ती वर-खालीं होते, आणि पुढें खांब नसून माणूस आहे हें मागच्या चालकाला दुरूनच उमगतें. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडण्याची सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. त्या शर्यतीचा नियमच असा कीं, रात्रीं स्वाराच्या मागें त्याच्या साथीदारांची मोटार असलीच पाहिजे. माणच्या रस्त्यावर अशी मोटार कोण ठेवणार? तें काम त्या तांबड्या दिव्यानेंच करावयाचें.

दुसरी चिंता पंक्चरची. हवेचा टायर ही मुळांत एका बापानें मुलाला दिलेली भेटच होती. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या पशुवैद्यानें मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठीं तो बनविला आणि १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. धक्के गेले, पंक्चर आलें! मुंबई-बंगळूरु महामार्गाच्या कडेला मालट्रकांच्या फाटलेल्या टायरांचे तुकडे पडलेले असतात. त्यांतील केसासारखी पोलादी तार सायकलीच्या टायरांत रुतून बसते. ती डोळ्यांना सहसा दिसत नाहीं. ती न काढतां नवी ट्यूब घातली तर थोड्याच अंतरावर तीहि बसते. टोंकदार चिमटा, टायर उचकटण्याच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि ठिगळांची डबी, एवढें साहित्य दोन-तीनशे रुपयांत होतें आणि चष्म्याच्या जुन्या घरांत मावतें.

ट्यूबच द्यावयाची असेल तर टायरच्या बाजूवर उठविलेले आंकडे, ७००×२५ किंवा जे असतील ते, आधीं टिपून न्यावे. वॉल्व्हही पाहावा. शर्यतीच्या सायकलीचा वॉल्व्ह बारीक असून त्याच्या टोंकाशीं एक लहानशी चाकी असते. त्याला प्रेस्टा म्हणतात. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याची नळी मोटारीच्या जाड वॉल्व्हसाठीं केलेली. ती याला बसत नाहीं. मग लाख रुपयांची सायकल त्या दुकानापुढें नुसती टेकून उभी राहते! यावर उपाय म्हणजे बोराएवढा एक पितळी जोड. तो वॉल्व्हावर फिरवून बसविला कीं तीच नळी चालते. मात्र यंत्रानें हवा थोडी थोडी भरावी. या जोडाची किंमत दोघांच्या चहा-वड्याहून फारशी अधिक नसते, आणि तरीही तो पुष्कळांच्या पिशवींत नसतो.

पोहणें, सायकल आणि धांवणें एका दमांत करणारांची गोष्ट थोडी निराळी. पणजीस २०१९ सालीं आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत प्रथम झाली: समुद्रांत १.९ किलोमीटर पोहणें, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटीं २१.१ किलोमीटर धांवणें. मधल्या वस्त्रांतराला सवलत नाहीं. घड्याळ चालूच असतें. ओल्या, थरथरत्या बोटांनीं बुटाची गांठ मारणें किती कठीण, हें ज्यानें केलें त्यालाच ठाऊक. गांठ मारावी न लागणाऱ्या लवचीक नाड्या त्याला आवडतात. तसाच क्रमांक अडकविण्याचा कमरपट्टा. सायकलीवर तो पाठीकडे फिरवावयाचा, धांवतांना पोटाकडे.

सीट, बूट आणि शिरस्त्राण यांच्या वाटेला मात्र न विचारतां जाऊं नये. ज्याचें माप त्यानेंच घ्यावें. कोणीं वापरलेलें शिरस्त्राण तर फुकटही देऊं नये, कारण एकदां आपटलेल्याची तडा बाहेरून दिसतेच असें नाहीं. शक्ति देणाऱ्या चूर्णांचे रंगीत डबेही टाळावे. शर्यतीच्या दिवशीं नवें कांहीं पोटांत गेलें तर काय होतें, त्याच्या कथा सभ्य मंडळींत सांगण्यासारख्या नसतात.

एका भेटीला दुकानही लागत नाहीं. जाड कागदाच्या तुकड्यावर स्वाराचें नांव, रक्तगट, न चालणारें औषध आणि घरचे दोन क्रमांक लिहावे, आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून सीटखालच्या थैलींत ठेवून द्यावा. मोबाइलला कुलूप असतें, आणि अडचणीच्या वेळीं धांवून येणारा माणूस बहुधा अनोळखी असतो. मजकूर पेन्सिलीनें लिहावा. मुळशीच्या पावसांत शाई टिकत नाहीं.