नकाशाचे पान

जुन्या पुस्तकांच्या ढिगात, मग तो मुंबईच्या पदपथावरचा असो की कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचा, ‘ट्रेझर आयलंड’ची एखादी कागदी वेष्टनाची प्रत सापडणे मुळीच अवघड नाही. पाठीचा डिंक वाळलेला असतो, कोपरे मुडपलेले असतात, पहिल्या पानावर कोणाचे तरी अर्धवट खोडलेले नाव असते. जाणता गिऱ्हाईक मात्र किंमत विचारण्यापूर्वी एकच गोष्ट पाहतो : नकाशा शाबूत आहे ना? आरंभीची पाने आधी सुटतात, आणि नकाशा तेथेच असतो. कधी तो एखाद्या मुलाने मुद्दामही फाडून नेलेला असतो. त्या मुलाला दोष देणे जिवावर येते. कादंबरीतले चाचेही काही वेगळे करीत नाहीत. पुढाऱ्याला पदच्युत करणारी काळ्या ठिपक्याची चिठ्ठी करण्यासाठी ते चक्क बायबलचे शेवटचे पान कापतात, आणि मग ज्याचे ते बायबल, त्या डिकच्या मनात भीती घर करून राहते!

या कादंबरीत नकाशा ही केवळ शोभा नव्हे. कथा त्याच्यातूनच जन्मली. १८८१ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे राहत होता. बाहेर पाऊस, घरात सुटीसाठी आलेला तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड. दोघेही रंगपेटी घेऊन बसत. अशाच एका खेळात स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा रंगविला, आणि तो न्याहाळता न्याहाळता त्याला झाडीतून डोकावणारी माणसे दिसू लागली. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे झाली. दीपगृहांचा अभियंता असलेला त्याचा पिताही त्यात रमला. मेलेल्या खलाशाच्या पेटीत काय काय निघावे, याची यादी त्याने करून दिली. पुढे लेखणी अडली ती स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे पुन्हा चालू लागली.

१८८३ साली पुस्तक निघाले. परंतु त्याआधी हस्तलिखितासोबत पाठविलेला नकाशा हरवला होता. तो पोहोचलाच नाही, असे उत्तर आले. आता सगळा क्रम उलटा झाला. आधी नकाशावरून कथा झाली होती. आता कथेतला एकेक उल्लेख टिपून, हाती कंपास घेऊन, तिच्यावरून नकाशा जुळवावा लागला. पित्याच्या कचेरीत तो नव्याने रेखाटला गेला. त्यावर देवमासे आणि शिडांची जहाजे आली, कॅप्टन फ्लिंटची सही खुद्द पित्याने घोटली. तरीही हे आपले बेट नव्हे, असे स्टीव्हन्सनला अखेरपर्यंत वाटत राहिले.

म्हणजे आज छापला जातो तो नकाशाही मूळचा नव्हेच. फाटकी प्रत स्वस्तात घेणाऱ्याने फार हळहळू नये. एका ओळीत दक्षिणेकडे जाणाऱ्या तीन टेकड्या, त्यांतली मधली सर्वांत उंच. दक्षिणेला नांगर टाकण्याची जागा आणि तिच्यालगत सापळ्याच्या नावाचे चिमुकले बेट. एवढे वाक्यांतूनच हाती लागते, आणि वेष्टनाची आतली बाजू बहुधा कोरीच असते.