खाजेची लाज सोडू या

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, बाहेरगावाहून आलेले त्वचारोगतज्ज्ञ, आशाताई, औषध दुकानदार बंधू आणि पंचक्रोशीतील बंधुभगिनींनो,

बालाघाट–नैनपूर रेल्वेमार्गावरच्या आमच्या लामत्यात स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत.

इसबावरची परिषद इथं कशाला, असं काहींनी विचारलं. रोवणीच्या दिवसांत या, उत्तर बांधीत उभं असतं. बाया दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धान लावतात आणि घरी येऊन पुन्हा भांड्या-कपड्यांना बसतात. पाणी आणि साबण कातडीतलं तेल काढून नेतात. मग बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, खाज सुटते, लस येते. खाजवलं की कातडी जाड आणि काळी पडते, पुन्हा खाजते. नखांवाटे जंतू शिरले तर जखम चिघळते. रात्रीची झोप उडते ती वेगळीच.

काहींची त्वचा जन्मतःच नाजूक असते. अशांच्या घरांत दमा किंवा सर्दीची ॲलर्जीही अनेकदा दिसते. काहींना कारण बाहेरून मिळतं. बिब्बा उतला की काय होतं, हे जंगलाकाठच्या माणसांना सांगायला नको. 1950च्या दशकात पुण्यात ज्याची नोंद झाली, ते गाजर गवत आता देशभर पसरलंय. त्याचे कण हवेतून येऊन चेहरा-मानेवर इसब उठवतात. म्हणून प्रत्येकानं आपलं कारण आपल्या कामात, आपल्या अंगणात शोधावं.

इसब शिवल्यानं लागत नाही. तरीही त्यापायी पोरी लग्नाच्या बाजारात नाकारल्या जातात, सुनेचं ताट वेगळं मांडलं जातं. हे थांबलं पाहिजे.

दुकानदार बंधूंना एक विनंती. इसब आणि गजकर्ण दिसायला सारखे वाटतात, पण स्टेरॉइडचं मलम गजकर्णावर लावलं तर खाज तेवढी दबते आणि रोग पसरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, आधी चिठ्ठी मागा.

तज्ज्ञांना विनंती अशी, की अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, यासारखे परवडणारे उपाय आमच्या बोलीत सांगा. आशाताई ते घरोघरी पोचवतील.

व्यवस्थेत काही उणं राहिलं असेल, तर सांभाळून घ्यावं. पुन्हा एकवार सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्षांना परिषदेची सूत्रं हाती घेण्याची विनंती करतो.