शीण आणि करपण

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूध करपते ते तळाशी. वर पांढरीशुभ्र साय दिसत असते, उकळीही नेहमीसारखीच असते. पण दारातून आत येणाऱ्याला वास येतो आणि चुलीपाशी उभ्या असलेल्याला तो पुष्कळदा येत नाही. कामाने माणूस करपतो तेव्हाही असेच घडते. मराठीत श्रमाच्या परिणामांना शब्दांची वाण नाही. शीण, थकवा, दमणूक, शिणवटा, वीट असे कितीतरी शब्द आहेत. यांपैकी शीण रात्रीच्या झोपेने उतरतो, फार तर चार दिवस माहेरी किंवा गावी राहून उतरतो. करपण मात्र झोपेने उतरत नाही. रजेवरून परतलेला मनुष्य पहिल्याच सकाळी कचेरीच्या पायऱ्या चढताना पुन्हा होता तसाच होतो, तेव्हा तो शीण नव्हे असे समजावे.

इंग्रजीतील 'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो १९७४ नंतर. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे एका मोफत दवाखान्यात काम करीत. तेथे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या स्वयंसेवकांत काही काळाने एक विलक्षण कोरडेपणा येतो, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे निरीक्षण असे की, सर्वांत निष्ठेने काम करणारे सर्वांत आधी करपतात. कादंबरीकार मात्र शास्त्रज्ञांच्या पुढे होता. ग्रॅहम ग्रीन यांची 'अ बर्न्ट-आउट केस' ही कादंबरी १९६० सालची. कीर्तीच्या शिखरावरून उठून काँगोतील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेलेल्या एका वास्तुशिल्पज्ञाची ती कथा आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ साली या अवस्थेची तीन अंगे मोजण्याची पद्धत सिद्ध केली : मनाची शक्ती संपणे, ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्यांच्याविषयी तुसडेपणा येणे, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात हिची नोंद आहे. पण तेथे तिला रोग म्हटलेले नाही, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ चाललेल्या आणि न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. रोग म्हटला की दोष माणसाच्या देहात शोधला जातो. कामाचा परिणाम म्हटले की कामाच्या रचनेकडेही पाहावे लागते.

आपल्या जुन्या वैद्यकाला हे अगदीच अपरिचित होते असे नाही. चरकसंहितेत शोषाची, म्हणजे देह सुकत जाण्याची, चार कारणे दिली आहेत; त्यांतील पहिले साहस. येथे साहस म्हणजे शौर्य नव्हे. आपल्या बळापलीकडचे काम अंगावर घेणे, असा त्याचा अर्थ आहे. दुसरे कारण वेगसंधारण. राजापाशी, धन्यापाशी किंवा गुरूच्या चरणापाशी बसलेला मनुष्य भयाने वा लाजेने देहाचे स्वाभाविक वेग दाबून ठेवतो आणि त्यामुळे सुकतो, असे तेथे म्हटले आहे. साहेबाच्या दालनाबाहेर ताटकळणाऱ्या कारकुनाला हे वर्णन परके वाटू नये.

या दुसऱ्या कारणात एक मर्म आहे. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. समजूत अशी होती की, मोठ्या जबाबदारीने वाकलेला वरिष्ठ अधिकारीच हृदयविकाराने आधी जाणार. आढळले ते उलट. सर्वांत खालच्या पायरीवरील नोकरांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठांच्या तिपटीहून अधिक भरले. विडीकाडी, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हे अंतर पुरते मिटले नाही. आपल्या कामावर आपली किती सत्ता चालते, हा प्रश्न त्यानंतरच्या संशोधनात पुढे आला. किती तास राबलो, यापेक्षा ते तास कोणाच्या हाती होते हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

उज्जैनच्या रहिवाशाला याचा पडताळा घ्यावयाचा तर सिंहस्थ आठवावा. २०१६ च्या सिंहस्थात सफाई कामगार, पोलीस, परिचारिका आणि वीजमंडळाचे कर्मचारी वैशाखाच्या उन्हात महिनाभर उभे होते. शीण अपरंपार झाला असेल. पण त्या कामाला तिथी होती, शेवटचे शाही स्नान होते आणि क्षिप्रेच्या घाटावर त्याचे फळ डोळ्यांना दिसत होते. असे काम माणसाला मोडते त्यापेक्षा पुष्कळदा घडवते. ज्या फायलीला आरंभ नाही नि अंत नाही, जी आज निकालात काढली तर उद्या शेरा घेऊन परत येते, ती अधिक घातक.

या शहराशी निगडित अशा दोन मराठी माणसांची चरित्रे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. पहिले गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे. वडील पोलीस खात्यात, घरची भाषा मराठी, घराणे मूळचे खानदेशाकडचे. मुक्तिबोधांच्या शिक्षणाचा काही भाग उज्जैनच्या माधव महाविद्यालयात झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी व कादंबरीकार झाले, आणि 'क्षिप्रा' हे नाव त्यांनी आपल्या कादंबरीला दिले. थोरल्याने हिंदीत लिहिले. १९४३ च्या 'तार सप्तक' या ऐतिहासिक संग्रहात त्यांच्या कविता आल्या, तेव्हा वय पंचविशीच्या आसपास होते.

त्यांच्या उपजीविकेची यादी वाचतानाच धाप लागते. बडनगर, शुजालपूर आणि उज्जैन येथील शाळांतील मास्तरकी. बनारसला 'हंस' मासिकात. जबलपूरला पुन्हा शाळा. १९४८ पासून नागपूर, तेथे सरकारचे माहिती खाते, आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक. ओढग्रस्त संसार, दिवसा दुसऱ्याच्या मजकुराचे काम आणि रात्री स्वतःची कविता. राजकीय विषयांवर ते टोपणनावांनी लिहीत; त्यांतील एक 'अवंतीलाल गुप्त' आणि एक 'यौगंधरायण'. दोन्ही नावांत उज्जयिनी दडलेली आहे. ज्याला आपले म्हणणे आपल्या नावाने मांडता येत नाही, तो चरकाच्या भाषेत वेगच अडवून धरत असतो.

१९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. संस्थानिकांच्या जुन्या वाड्यात महाविद्यालय, दोन तलावांच्या मध्ये बिऱ्हाड, आणि वर्गात शिकवावयाचे ते साहित्य. म्हणजे दिवसाचे काम आणि रात्रीचे काम प्रथमच एका दिशेला लागले. 'अंधेरे में' या कवितेला तिचे अंतिम रूप याच वर्षांत आले. श्रम कमी झाले नव्हते. पण श्रमांची रचना बदलली होती. सावरण्याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण. तो टिकला मात्र चारच वर्षे. १९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघात झाला. आधी भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात, मग दिल्लीत उपचार झाले, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचा अंत झाला. कवितेचे पहिले स्वतंत्र पुस्तक, 'चाँद का मुँह टेढ़ा है', त्यानंतर प्रसिद्ध झाले. मृत्यूचे वैद्यकीय निदान क्षयजन्य मस्तिष्कदाह असे होते. तेव्हा कामाने त्यांना मारले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण दुखणे अंगावर काढण्याची आपली जुनी रीत त्यांनीही पाळली, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरे विष्णू श्रीधर वाकणकर. जन्म १९१९, नीमच. त्यांनी उज्जैन हीच कर्मभूमी केली. भारती कला भवन येथेच काढले. १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून त्यांना दूरवर खडकांची रांग दिसली. ते उतरले, चालत गेले आणि भीमबेटका जगाला मिळाले. पुढे २००३ साली युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारसा ठरवले. उज्जैनजवळच्या कायथा येथील उत्खनन, शेकडो शैलाश्रयांतील चित्रांच्या प्रतिकृती, १९८५ ची सरस्वती शोधयात्रा, असा व्याप अखेरपर्यंत चालू होता. १९८८ साली सिंगापूर येथे, प्रवासातच, त्यांचे निधन झाले. श्रमांचे मोजमाप केले तर वाकणकरांचे पारडे हलके भरणार नाही. परंतु डोळा थकला की पाय चालत, पाय थकले की हाताने रेखाटन चाले, आणि रेखाटनाला कंटाळावे तर विद्यार्थी भोवती असत. कामातच कामाचा उतारा होता. मुक्तिबोधांच्या मागे ओढाताणीचा संसार होता आणि गरिबी हा काही स्वभावदोष नव्हे, हे मान्य करून ही तुलना करावी. पण ती करण्यासारखी आहे.

आता ओळखायचे कसे? ग्रंथालयाच्या सभासदाला एक खूण घरचीच सांगता येईल. ज्याने आयुष्यभर वाचले त्याचे वाचन तुटते. पुस्तक घरी जाते, मुदत वाढवून घेतली जाते आणि खूण पहिल्याच प्रकरणात राहते. एकच पान तीनदा वाचले जाते. रविवारी दुपारपासून सोमवारचा धसका बसतो. ज्या शिक्षकाला मुलांचा लळा होता त्याला मुले 'ही कार्टी' वाटू लागतात; बँकेतील मनुष्याला खिडकीसमोरचा म्हातारा हा केवळ अडथळा वाटतो. हा तुसडेपणा स्वभाव बदलल्याची खूण म्हणून घरचे सोसतात, आणि तेथेच चूक होते. विनोद आटणे, जुन्या मित्रांना टाळणे, पोट व पाठ सतत दुखणे, पहाटे तीनला जाग येणे, अशा खुणा एकट्या-दुकट्या काही सांगत नाहीत; महिनोन्‌महिने एकत्र राहिल्या तर सांगतात. गृहिणीच्या बाबतीत तर पंचाईत अशी की, तिला रजाही नाही आणि निवृत्तीही नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूची दहा वर्षे शुश्रूषा करणारी सून करपली तर घरात तिला 'तिरसट' म्हणतात. पुण्या-बंगळूरला संगणकाच्या नोकरीत असलेली मुलेही रात्री अकराला दूरध्वनीवर 'सगळं ठीक आहे' एवढेच बोलतात. त्या 'ठीक'चा स्वर आईने ऐकावा.

उपायांत पहिला मान वैद्याचा. पंडुरोग, गलग्रंथीचे विकार, मधुमेह आणि खिन्नतेचा आजार ही सारी दुखणी करपणाचे सोंग घेऊन येतात. त्यांची तपासणी न करता मनाला उपदेश करीत बसणे व्यर्थ. जीव नकोसा वाटू लागला असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते.

त्यानंतर रजा. ती घ्यावीच, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. सुट्टीचा लाभ कामावर परतल्यावर थोड्या आठवड्यांतच विरून जातो, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. रजेतला वेळ दोन गोष्टींना द्यावा. एक म्हणजे कामाचा विसर पडेल असे काहीतरी हाताने करणे : बाग, तबला, सुतारकी, स्वयंपाक, काहीही. यात प्रगती दिसते आणि कोणाचा शेरा येत नाही. दुसरी म्हणजे कागद घेऊन बसणे आणि कामातील नेमका कोणता भाग जाळतो आहे ते लिहून काढणे. बहुधा सगळे काम जाळत नाही. एखादा अहवाल, एखादी व्यक्ती, एखादी वेळ जाळते. तेवढ्यात बदल मागता येतो. सगळा दिवस हाती आला नाही तरी दिवसाचा पहिला तास हाती यावा, कामाचा क्रम आपल्याला ठरवता यावा, संध्याकाळी साडेसातनंतर दूरध्वनी न घेण्याची मुभा असावी, अशा मागण्या क्षुल्लक दिसतात. पण सत्ता अशाच मार्गाने थोडी थोडी परत येते. ती मिळत नसेल आणि घरची स्थिती झेपत असेल तर जागा बदलावी. यात पळपुटेपणा नाही. मुक्तिबोधांनी राजनांदगाव गाठले तो पळ नव्हता.

वरिष्ठांना सांगण्यासारखे थोडेसे आहे. दीर्घ रजेवरून परतलेल्या माणसाच्या टेबलावर साठलेला ढीग जसाच्या तसा ठेवण्याची आपल्या कचेऱ्यांत प्रथा आहे. तो ढीग त्याच्या गैरहजेरीतच वाटून टाकावा, पहिल्या महिन्यात त्याला अर्धेच काम द्यावे आणि त्याच्याशी रजेच्या कारणाची चेष्टा होणार नाही एवढे पाहावे. पूर्ववत होण्यास काही आठवडे नव्हे, तर पुष्कळदा वर्षही लागते. तोवर त्याच्या हातून एखादे काम नीट पार पडले तर ते नाव घेऊन, चारजणांसमोर सांगावे.