उभट भांडें आणि स्पिरिटची शेगडी



डोंगर चढणाऱ्याच्या पाठीवर जें ओझें असतें, त्यांत चहाचें आणि भाताचें सामान तसें थोडेंच. परंतु तें शिजविण्याचें साधन योग्य निवडलें नाहीं, तर तेवढेंहि सामान व्यर्थ वाहून नेल्यासारखें होतें. आज मला बोलावयाचें आहे तें अशाच एका लहानशा साधनाविषयीं, म्हणजे स्पिरिटच्या शेगडीविषयीं. आणि तेंहि एका विशिष्ट भांड्याच्या संबंधानें. हें भांडें एका माणसापुरतें, उभट, बुडाशीं अरुंद. त्यांतच पाणी उकळावयाचें, त्यांतच चहा करावयाचा आणि त्यांतूनच तो प्यावयाचा. पाठीवरील पिशवींत तें एका कोपऱ्यांत उभें राहतें आणि त्याच्या पोटांत शेगडीहि मावते. म्हणून एकट्यानें हिंडणारे लोक तें पसंत करतात.

स्पिरिट आपल्या घरांना परकें नाहीं. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह पेटवितांना स्पिरिटांत भिजविलेला काकडा नळीला लावीत, हें वडीलधाऱ्या श्रोत्यांना आठवत असेल. तेथें स्पिरिटचें काम दोन मिनिटांचें; खरा जाळ रॉकेलचा. प्रवासी शेगडींत मात्र स्पिरिट हेंच मुख्य जळण. पंप नाहीं, पिन नाहीं, आवाज नाहीं. धातूची एक लहान वाटी, तींत स्पिरिट आणि वर तिवईवर भांडें, एवढाच तिचा संसार. बिघडण्यासारखें तींत कांहींच नसल्यामुळें ती ऐन वेळीं दगा देत नाहीं.

मग निवडीचा प्रश्न येतो कोठून? तो येतो भांड्याच्या बुडामुळें. अशा भांड्याचा व्यास सुमारें ९.५ सेंटिमीटर असतो. म्हणजे बुडाचें क्षेत्रफळ झालें सुमारें ७१ चौरस सेंटिमीटर. एखाद्या पसरट पातेल्याचा व्यास १३ सेंटिमीटर धरला, तर त्याचें क्षेत्रफळ होतें सुमारें १३३ चौरस सेंटिमीटर. पाणी दोहोंतहि तेंच अर्धा लिटर. परंतु उभट भांड्याला आंच घेण्यास जागा जवळजवळ निम्मीच. ज्या शेगडीची ज्योत पातेल्याखालीं शोभते, तीच उभट भांड्याखालीं ठेवली, तर ज्योतीचा मोठा भाग बुडाबाहेर पडून भांड्याच्या अंगावरून वर निघून जातो. कांहीं उष्णता अंगाला लागते खरी, पण बरीचशी हवा तापविण्यांत जाते. कडी इतकी तापते कीं तिला हात लावतां येत नाहीं, आणि पाणी मात्र अजून कोमटच असतें.

बाजारांत बहुतेक लोक विचारतात, "कोणती शेगडी सर्वांत लवकर पाणी उकळते?" उभट भांडें बाळगणाऱ्यानें विचारावयाचा प्रश्न हा नव्हे. त्यानें विचारावें, "कोणत्या शेगडीची ज्योत माझ्या भांड्याच्या बुडाच्या आंत राहते?" ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली, म्हणजे पुढची निवड सोपी होते.

या शेगड्यांचे ढोबळ मानानें तीन प्रकार सांगतां येतील. पहिला प्रकार बाजूला छिद्रें असलेल्या डबीचा. टिनाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बुटक्या डबीला कडेनें छिद्रें पाडतात आणि भांडें डबीवरच ठेवतात. निराळी तिवई लागत नाहीं, हा मोठा गुण. परंतु ज्योती बाहेरच्या बाजूस फांकतात. त्यामुळें ही शेगडी पसरट भांड्यालाच योग्य. दुसरा प्रकार दुहेरी भिंतीच्या वाटीचा. भिंतींच्या पोकळींत स्पिरिटची वाफ होते आणि कांठावरच्या छिद्रांतून जळते. १९२५ सालीं स्थापन झालेल्या ट्रांगिया या स्वीडिश कंपनीची पितळी शेगडी याच जातीची. ती दणकट आहे. तिला घट्ट झांकण असल्यामुळें उरलेलें स्पिरिट, शेगडी थंड झाल्यावर, तींतच ठेवतां येतें, आणि आंच कमी करण्यासाठीं निराळी चकती मिळते. पण तिचा संच रुंद पातेल्यांसाठीं बेतलेला आहे. अरुंद बुडाखालीं तिची पूर्ण ज्योत पसरट पडते. तिसरा प्रकार सर्वांत साधा : लहान तोंडाची उघडी वाटी, कधीं रिकामी तर कधीं आंत न जळणारा, स्पिरिट शोषून घेणारा तंतूंचा बोळा भरलेली. हिची ज्योत मंद असते, पण मधोमध सरळ उभी राहते. तोंड चार-पांच सेंटिमीटरांचें असलें, तर ती उभट भांड्याच्या बुडाखालीं बरोबर बसते. बोळा भरलेल्या वाटीचा आणखी एक लाभ असा कीं, ती कलंडली तरी स्पिरिट एकदम सांडत नाहीं. उभट भांड्यासाठीं माझा कौल या तिसऱ्या प्रकाराला आहे.

शेगडी निवडल्यावर दोन गोष्टी उरतात : अंतर आणि आडोसा. भांडें ज्योतीच्या फार जवळ आणलें, तर ज्योत थंड पडते, जळण अपुरें होतें आणि उग्र वास येऊं लागतो. फार वर नेलें, तर आंच वाटेंतच विरते. वाटीच्या कांठापासून तीन-चार सेंटिमीटर उंचीपासून प्रारंभ करावा आणि अनुभवानें कमीअधिक करावें. वाऱ्यासाठीं पातळ पत्र्याचा आडोसा भांड्याभोंवतीं असा वळवावा कीं, दोहोंमध्यें साधारण बोटभर फट राहील, आणि खालून हवा यावयास भोंकें ठेवावींत. आडोसा चोहोंकडून बंद केला, तर स्पिरिट फाजील तापून ज्योत भडकते आणि मंद शेगडी निवडल्याचा हेतूच फसतो.

निवड बरोबर झाली कीं नाहीं, हें घरींच ताडून पाहतां येतें. ४०० मिलिलिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ३२,००० कॅलरी उष्णता लागते. एक मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जळून सुमारें ५,००० कॅलरी देतो. म्हणजे थेंबभरहि वायां गेला नाहीं, तर साडेसहा मिलिलिटर पुरावेत. प्रत्यक्षांत निम्मी उष्णता पाण्याला लागली, तरी संतोष मानावा. औषधाच्या मापानें १५ मिलिलिटर स्पिरिट घ्यावें, भांड्यावर झांकण ठेवावें आणि उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला, प्रयोग तीन वेळां करावा. तिन्ही वेळां पाणी उकळलें, तर शेगडी आणि भांडें यांची जोडी जमली. मिनिटें मोजूं नयेत, माप मोजावें. पाणी दोन मिनिटें उशिरा उकळलें म्हणून कोणाचें अडत नाहीं. परंतु तिसऱ्या दिवशीं सकाळीं बाटली रिकामी निघाली, तर अडतें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हांत ती मुळींच दिसत नाहीं. शेगडी विझली असें समजून कोणी बाटलींतून पुन्हां स्पिरिट ओततो, आणि जाळ धारेवरून बाटलींत चढतो. असे अपघात क्षणांत होतात आणि त्यांचे डाग जन्मभर राहतात. म्हणून नियम असा कीं, शेगडी हातांत धरवेल इतकी थंड झाल्याखेरीज तींत स्पिरिट घालूं नये, आणि तेंहि बाटलींतून थेट न ओततां मापानें घालावें. बाटली बंद करून दूर ठेवावी, मगच काडी ओढावी. मंद शेगडीचा पक्ष मी घेतों, त्याचें हेंहि एक कारण आहे : ज्याचें पाणी एकाच मापांत निश्चित उकळतें, त्याला मध्येंच स्पिरिट ओतण्याचा मोह होत नाहीं. उभट भांडें सहज कलंडतें, हेंहि विसरूं नये. तिवईचे पाय बुडापेक्षां रुंद पसरलेले असावेत, जमीन सपाट करून घ्यावी आणि भोंवतालचें वाळकें गवत हातभर तरी दूर सारावें. सह्याद्रींत दिवाळीनंतर गवत वाळूं लागतें आणि एका ठिणगीनें सबंध डोंगरउतार पेटूं शकतो. तंबूच्या आंत शेगडी लावूं नये. आगीचें भय तर आहेच, शिवाय अपुऱ्या जळणानें कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो, आणि त्याला वास नसतो.

जळणाच्या स्पिरिटांत मेथिल अल्कोहोल असूं शकतें. तें पोटांत गेल्यास दृष्टि जाते, प्राणहि जातात. म्हणून स्पिरिट पाण्याच्या बाटलीसारख्या बाटलींत कधींहि भरूं नये. बाटली निराळ्या आकाराची असावी आणि तिच्यावर नांव ठळक लिहावें. रेल्वेच्या डब्यांत ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास १९८९ च्या रेल्वे कायद्यान्वयें बंदी आहे. तेव्हां आगगाडीनें जाणाऱ्यानें स्पिरिट उतरल्यावर वाटेंतल्या गांवीं विकत घ्यावें, आणि वनखात्याच्या हद्दींत शेगडी पेटविण्यास मुभा आहे कीं नाहीं, हेंहि तेथें विचारून घ्यावें.

एकूण काय, शेगडी विकत घेतांना भांडें बरोबर न्यावें आणि त्याच्या बुडाशीं तिचें तोंड ताडून पाहावें. तोंड बुडाच्या निम्म्याएवढें असेल आणि ज्योत कडेच्या आंत राहत असेल, तर ती घ्यावी, मग दुकानदार तिला कितीहि मंद म्हणो. डोंगरावर जाळ मोठा असून भागत नाहीं. तो भांड्याखालीं असावा लागतो.