पानांचा हिशेब

मध्य भारतातील पानझडी अरण्यात साग आणि आवळा पुष्कळदा शेजारी शेजारी उभे असतात. पावसाळा आला की दोघेही हिरवे होतात; पण दोघांच्या हिरवेपणाची घडण निराळी. सागाचे एकच पान पत्रावळीएवढे होते, तर आवळ्याचे पान बोटाच्या पेरावर मावते. सागाच्या डहाळीवरील पाने क्षणात मोजून होतात; आवळ्याची मोजू लागणारा थोड्याच वेळात हात टेकतो. हा निसर्गाचा लहरीपणा आहे, की त्यामागे काही हिशेब आहे?

हिशेब आहे. पानाला आधार आणि पाणी डहाळी पुरविते. विशिष्ट जाडीच्या डहाळीला पानांचा ठरावीक भारच पेलतो. मग तो थोड्या मोठ्या पानांत वाटला जावो, की असंख्य लहान पानांत. डहाळी जितकी जाड तितके पान मोठे, आणि फांद्या जितक्या अधिक फुटाव्यात तितकी पाने लहान, असा नियम इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ कॉर्नर यांनी १९४९ साली मांडला. पुढे २००७ साली क्लाइमन व आर्सन यांनी कॅनडातील पानझडी वृक्षांच्या डहाळ्या तपासल्या. पान दुप्पट जड, तर डहाळीच्या तेवढ्याच आकारमानावर पानांची संख्या सुमारे निम्मी, असे प्रमाण त्यांना आढळले.

मोजताना मात्र डोळा फसतो. चिंचेचे इवलेसे पान हे खरे पान नव्हे. ती एका संयुक्त पानाची पर्णिका होय. आवळ्याची डहाळी तशीच दिसते, पण तिच्यावरील प्रत्येक पान स्वतंत्र असते. खूण सोपी आहे: पर्णिकेच्या बगलेत कळी नसते, आवळ्याच्या पानांच्या बगलेत फुले येतात.

ही बगलेतील कळी म्हणजे झाडाची शिल्लक. पाने अधिक तितक्या कळ्या अधिक, आणि तितकी नव्या फांद्यांची व फुलांची सोय अधिक. मोठ्या पानाचा लाभ वेगळा. थोड्या जाड डहाळ्यांवर ते चटकन विस्तारते. म्हणूनच सागाच्या बुंध्यातून फुटलेल्या नव्या धुमाऱ्यांची पाने प्रचंड असतात. परंतु रुंद पान उन्हात लवकर तापते आणि थंड राहण्यासाठी पाणी मागते. ७,६७० जातींच्या २०१७ सालच्या अभ्यासात दिवसाचा ताप आणि रात्रीचे हिव या दोन्ही मर्यादा पानाच्या आकारावर दिसून आल्या. साग कोरड्या ऋतूत पाने टाकूनच ही अडचण निभावतो.

हा हिशेब केवळ झाडापुरता राहत नाही. केरळातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली, आणि तेव्हापासून निव्वळ सागाची वने देशात अनेक ठिकाणी उभी राहिली. सागाच्या रुंद पानावर पावसाचे पाणी साठते आणि मोठ्या थेंबांनी उंचावरून आदळते. खाली झुडपे व पाचोळा असेल तर तो मार ती सोसतात. वणव्याने किंवा साफसफाईने जमीन उघडी पडली असेल तर माती वाहून जाते. मिश्र अरण्यात सागाखाली लहान पानांची झाडेझुडपे उभी असतात. त्यांना निरुपयोगी समजून तोडणाऱ्याने लाकडाचा हिशेब केलेला असतो. मातीचा करावयाचा राहून गेलेला असतो.